अंथरूण-पांघरूण आपल्या हवेला साजेसे
वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

शयनगृहाविषयीची बरीच पत्रे गेल्या काही महिन्यांत साठली होती आणि त्यांतील बहुतेक ठाणे व नवी मुंबई परिसरातील आहेत. रंग कोणता घ्यावा, नक्षी कशी असावी, किती खर्च करावा, हे जवळजवळ प्रत्येक पत्रात विचारलेले आहे. माझ्या मते सर्वांत आधी विचारायचा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही : ही वस्तू आपल्या घरात, आपल्या हवेत धुऊन वाळणार आहे का? खाडी आणि डोंगर यांच्यामधल्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवेतील आर्द्रता कितीतरी दिवस ८० टक्क्यांच्या वर असते, आणि बहुतेकांच्या घरी कपडे वाळत घालायला एक अरुंद गॅलरी किंवा खिडकीची जाळी एवढीच जागा असते. पुढील उत्तरे हे ध्यानात ठेवूनच दिली आहेत.

प्रश्न : येत्या डिसेंबरात आमचे लग्न आहे. खारघरला भाड्याने घर घेतले असून शयनगृह १० बाय १० फुटांचे आहे. चादरी पाहायला वाशीला गेलो, तेव्हा एका दुकानदाराने १००० थ्रेड काउंटची चादर दाखवली आणि दुसऱ्याने ‘हल्ली सगळे हेच नेतात’ असे सांगून ग्लेस कॉटन पुढे केले. नेमके काय पाहून घ्यावे आणि किती जोड लागतील?
— एक वाचक, खारघर

उत्तर : चादरीच्या आधी पलंगाचे माप नक्की करा, कारण तुमच्या खोलीत सगळे त्यावर अवलंबून आहे. खोलीची रुंदी १२० इंच आहे. त्यात ७२ इंची किंग पलंग ठेवला आणि समोरच्या भिंतीला २४ इंच खोल असलेले कपाट आले, तर पलंग आणि कपाट यांच्यात जेमतेम २४ इंच उरतात. तेवढ्या जागेत कपाटाचे दार उघडून आतले काही काढणे रोज त्रासाचे होईल. ६० इंची क्वीन पलंग घेतला की तीच वाट ३६ इंचांची होते. दोघांना क्वीन पलंग पुरेसा असतो, म्हणून तुम्ही तोच घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन.

आता चादरीचे माप. क्वीन पलंगासाठी दुकानात बहुधा ९० बाय १०० इंचांची चादर देतात. गादी ६० बाय ७८ इंचांची आणि ६ इंच जाडीची असेल, तर ही चादर लांबीच्या दिशेने दोन्ही टोकांना ११ इंच उरते. त्यातील ६ इंच गादीच्या उंचीत जातात आणि खाली खोचायला ५ इंच राहतात. सुती कापड पहिल्या दोन-तीन धुण्यांत तीन ते पाच टक्के आटते, म्हणजे १०० इंचांची चादर ९५ ते ९७ इंचांवर येते आणि खोचायला अडीच ते साडेतीन इंच राहतात. अशी चादर रात्रीतून पायथ्याकडून निघून येते आणि दोष कापडाला दिला जातो. म्हणून ९० बाय १०८ इंचांची चादर मागा. गादी ८ किंवा १० इंच जाडीची घेणार असाल तर दोन्ही मापे १०८ ची घ्या, किंवा गादीची उंची सांगून चारही कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली फिटेड चादर घ्या.

थ्रेड काउंट म्हणजे एक चौरस इंच कापडातील उभ्या आणि आडव्या धाग्यांची बेरीज. २०० ते ४०० या दरम्यानची बेरीज असलेले, चांगल्या लांब धाग्याच्या कापसाचे कापड रोजच्या वापराला उत्तम असते. एका इंचात मावणाऱ्या धाग्यांना मर्यादा असल्यामुळे ८०० किंवा १००० हे आकडे बहुधा दोन-तीन पदरी धाग्याचा प्रत्येक पदर वेगळा मोजून आलेले असतात. असे कापड जड होते, हवा अडवते आणि ऑगस्टमध्ये धुतले तर दुसऱ्या दिवशीही कडेच्या दुमडीत ओलसर लागते. आकड्यापेक्षा विणीला अधिक महत्त्व द्या. एक धागा वर, एक खाली अशा साध्या विणीच्या चादरीला परकेल म्हणतात. ती किंचित खडखडीत लागते, पण हवा खेळू देते आणि लवकर वाळते. सॅटीन विणीत धागा तीन-चार धाग्यांवरून उडी घेऊन जातो, त्यामुळे चकाकी आणि मऊपणा येतो, पण ती चादर अधिक उबदार असते आणि बांगडीत किंवा पैंजणात धागा अडकून तिचे सूत लवकर निघते. खारघरच्या हवेत रोजच्यासाठी परकेल आणि सणासुदीला एखादी सॅटीन, अशी विभागणी मला पटते.

ग्लेस कॉटनच्या नावात कॉटन असले तरी बाजारात त्या नावाने मिळते ते बहुधा पॉलिएस्टर असते. ते झटकन वाळते, सुरकुतत नाही, रंगही टिकतात, हे सगळे खरे आहे. परंतु नेहमीच्या हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरतो, तर पॉलिएस्टर अर्धा टक्कादेखील धरत नाही. त्यामुळे मे महिन्यात पाठीचा घाम चादरीत न जाता पाठीवरच राहतो. पाहुण्यांच्या खोलीत किंवा दिवाणावर ते चालेल. रोज झोपायला नको.

दुकानात चादर पूर्ण उलगडून दाखवायला सांगा, संकोच करू नका. एक कोपरा उजेडासमोर धरा : वीण सगळीकडे सारखी दिसली पाहिजे, मधेच विरळ पट्टे दिसता कामा नयेत. मग तोच कोपरा दोन बोटांत धरून आपल्याच कापडावर दहा-बारा वेळा घासा. बोटांना पांढरी भुकटी लागली आणि कापड एकदम लुळे पडले, तर आतापर्यंत हाताला लागत होती ती कापडाची घनता नसून खळ होती. नंतर रुमालाचे टोक ओले करून गडद रंगाच्या नक्षीवर दाबून फिरवा. रंग रुमालावर उतरला तर तो पुढे उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावरही उतरेल. घरी आल्यावर शंका राहिलीच, तर शिवणीतले एक-दोन धागे काढून, चिमट्यात धरून, मोरीत जाळून पाहा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि बोटाने चुरडणारी राख राहते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

जोड तीन पुरेत : एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यासाठी चौथा घ्यायची इच्छा झाली तर तो पातळ आणि फिक्या रंगाचा घ्या. हातमागाची चादर हवी असेल तर बेलापूरच्या सिडको अर्बन हाटमध्ये प्रदर्शन भरते तेव्हा चक्कर मारा आणि हँडलूम मार्कची पट्टी पाहून घ्या. ही खूण २००६ पासून वापरात आहे. लग्नात आहेर म्हणून सोलापुरी चादरी हमखास येतील. त्यांना भौगोलिक मानांकन आहे आणि एसी लावून झोपणाऱ्यांना त्यांच्यासारखे पांघरूण नाही. मात्र त्या जाड असल्याने पावसाळ्यात धुवायला काढू नका.

प्रश्न : आमचे शयनगृह लहान आहे पण नीटनेटके आणि आधुनिक दिसावे अशी हौस आहे. सहा कुशन, पायथ्याशी टाकायची शाल, गालिचा, दोन्ही बाजूंना दिवे, असे बरेच काही आणले. तरीही खोली सजलेली न दिसता भरलेली दिसते, आणि रात्री कुशन कुठे ठेवायचे हा रोजचा प्रश्न असतो. काय कमी करू?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : लहान शयनगृहात डोळ्यांना सर्वांत मोठा दिसणारा पृष्ठभाग भिंत नसून पलंग असतो, म्हणून पलंगावरच्या कापडाचा रंग हाच खोलीचा रंग ठरतो. तुमच्याकडे फिक्या व्हिट्रिफाइड लाद्या आणि लाकडी रंगाचे लॅमिनेटचे कपाट आहे, असे तुम्ही पत्रात लिहिले आहे. या दोन गोष्टी बदलणार नाहीत. तेव्हा त्यांच्याशी जुळणारा एक शांत रंग चादरीला घ्या : मोतिया, फिका राखाडी, किंवा तांदळाच्या पिठाचा असतो तसा पांढरा. दुसरा रंग पडद्यांना आणि उशांच्या अभ्र्यांना द्या. तिसरा, ठसठशीत रंग एकाच वस्तूत येऊ द्या. मोठी नक्षी हवी असेल तर ती चादरीवर असावी आणि पडदे साधे असावेत, किंवा याच्या उलट करावे. दोन्हींवर फुले आली की ती एकमेकांशी भांडतात.

कुशन दोनच ठेवा. खणाच्या कापडाचे अभ्रे सध्या आवडीने शिवले जातात आणि ते खरोखर देखणे दिसतात. गुळेदगुड्डचा जांभळा किंवा हिरवा खण, त्याच्या बारीक बुट्ट्यांसह, मोतिया चादरीवर असा काही खुलतो की दुसऱ्या सजावटीची गरजच राहत नाही. पण खण गालाला टोचतो आणि घरी धुतल्यास त्याचा रंग जाण्याची भीती असते, म्हणून तो डोक्याखालच्या उशीला वापरू नये. पलंगाच्या पायथ्याशी टाकायची लांब पट्टी हवी असेल तर जुन्या इरकली साडीचा पदर अस्तर लावून शिवून घ्या. तुमच्या शिंप्याला हे काम कठीण नाही.

गालिचा काढून टाका, असे मी स्पष्टच सांगते. केसाळ गालिचा पावसाळ्यात ओल धरतो, त्यात धूळ बसते आणि तो घरी धुता येत नाही. त्याऐवजी पलंगाच्या ज्या बाजूने उतरता तेथे २ बाय ५ फुटांची सुती सतरंजी घाला. ती बादलीत बुडवून धुता येते. फरशीवर सरकू नये म्हणून खाली रबरी जाळी मात्र हवी.

पडद्यांबाबत बहुतेक घरांत कंजुषी होते. पडद्याचे कापड खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट असावे, म्हणजे चुण्या नीट पडतात. दांडी खिडकीच्या चौकटीपेक्षा पाच-सहा इंच वर आणि दोन्ही बाजूंना तेवढीच बाहेर बसवा. यामुळे छत उंच वाटते आणि पडदे उघडल्यावर पूर्ण काच मोकळी राहते. रस्त्याचे दिवे त्रास देत असतील तर आत मलमलीचा पातळ पडदा आणि बाहेरच्या बाजूला उजेड अडवणारा जाड पडदा, असे दोन पदर करा. खिडकी पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला असेल, तर पावसाळ्याचे चार महिने जाड पडदा उतरवून ठेवणे चांगले, कारण सरकत्या खिडकीच्या फटीतून येणाऱ्या शिंतोड्यांनी त्याची खालची दुमड सतत भिजत राहते आणि तेथेच बुरशीची पहिली रेघ उमटते.

दिव्यांत बल्ब कोणते आहेत ते तुम्ही लिहिलेले नाही, पण तेही पाहून घ्या. खोक्यावर २७०० ते ३००० केल्विन लिहिलेले पिवळसर बल्ब शयनगृहासाठी घ्यावेत. ६५०० केल्विनच्या निळसर पांढऱ्या उजेडात चांगल्यातली चांगली चादरही दवाखान्यातली वाटते आणि तो उजेड रात्री झोपेला मारक ठरतो.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील इमारतीत आमचा फ्लॅट आहे. हायड्रॉलिक पलंगाच्या आतल्या खणात जादा गाद्या, रजया आणि स्वेटर ठेवतो. या ऑगस्टमध्ये पलंग उघडला तेव्हा कुबट वासाचा भपकारा आला. वरची गादी उचलून पाहिली तर तिच्या खालच्या बाजूला काळे ठिपके होते. डांबराच्या गोळ्या टाकल्या, तरी वास गेलेला नाही. गळती कोठेही नाही. हे का झाले?
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : गळती नसताना गादीला खालून बुरशी येणे ही आपल्याकडे अगदी नेहमीची तक्रार आहे, आणि तिचे कारण पलंगाच्या रचनेत आहे. झोपलेल्या माणसाच्या शरीरातून रात्रभर ओलावा बाहेर पडतो आणि त्याचा काही भाग गादीतून खाली झिरपतो. लाकडी पट्ट्यांच्या किंवा नवारीच्या पलंगात तो खालून निघून जात असे. हायड्रॉलिक पलंगात गादी अखंड प्लायवर टेकलेली असते, त्याखाली बंद पेटी असते आणि पेटीत कापूस ठासून भरलेला असतो, त्यामुळे ओलाव्याला जायला जागाच राहत नाही. त्यात एसीची भर पडते. रात्रभर थंड झालेल्या खोलीची खिडकी सकाळी उघडली की बाहेरची गरम, दमट हवा आत येते आणि थंड पृष्ठभागांना लागून तिच्यातले पाणी सुटते. काच पुसता येते. गादीची खालची बाजू पाहायला मात्र कोणी जात नाही.

प्रथम आत्ताचे निस्तरू. नाकाला रुमाल किंवा मास्क बांधून पेटी पूर्ण रिकामी करा. प्लायचा पृष्ठभाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्या फडक्याने पुसा आणि पलंग उघडा ठेवून पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. हे काम पाऊस उघडलेल्या दिवशीच करावे. गादी फोमची असेल आणि ठिपके वरच्या कापडापुरते असतील, तर तसेच पुसून उभी करून वाळवा. ठिपके आत फोमपर्यंत गेले असतील तर ती गादी ठेवू नका, मग ती कितीही महागाची असो. घरात दम्याचा किंवा ॲलर्जीचा रुग्ण असल्यास तर मुळीच नको. कापसाची गादी असेल तर गादीवाल्याकडून उसवून, खराब कापूस टाकून, उरलेल्याला कडक ऊन दाखवून पुन्हा भरून घेता येते.

डांबराच्या गोळ्या कसरीला दूर ठेवण्यासाठी असतात. त्या ओलावा शोषत नाहीत, म्हणून बुरशीवर त्यांचा भरवसा धरू नये. वासावर वास चढतो इतकेच.

पुढच्या पावसाळ्याआधी सुताराला बोलावून प्लायला दर सहा-आठ इंचांवर एक ते दीड इंच व्यासाची भोके पाडून घ्या. शक्य असल्यास पलंगाच्या पायथ्याकडील फळीतही दोन जाळ्या बसवून घ्या. अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि गादीच्या किमतीपुढे त्याचा खर्च काहीच नाही. पलंग बाहेरच्या भिंतीला, विशेषतः पाऊस झोडपणाऱ्या भिंतीला, चिकटवू नका. तीन-चार इंच जागा सोडा. सकाळी उठल्याबरोबर पलंगपोस घालून सगळे झाकण्याची सवय आपल्याला लहानपणापासून लावलेली असते, पण दमट हवेत अंथरूण तासभर उघडे आणि पंख्याखाली राहू द्यावे. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा गादी भिंतीला टेकवून काही तास उभी करावी. एसीला ड्राय मोड असेल तर संध्याकाळी तो लावा. जानेवारी २०२० पासून नवे एसी २४ अंशांच्या मूळ सेटिंगवर येतात आणि झोपेसाठी ते तापमान पुरेसे आहे. १८ अंशांवर खोली गोठवून वर जाड कम्फर्टर घेणे या हवेत गादीलाही मानवत नाही.

पेटीत काय ठेवावे, हेही ठरवायला हवे. ठाण्यात कडाक्याची थंडी अशी पडतच नाही. गारठ्याच्या थोड्या रात्रींसाठी एक दुलई किंवा गोधडी आणि वर्षभरासाठी मलमलीची तीन पदरी दोहर, एवढे माणशी पुष्कळ होते. उरलेल्या रजया देऊन टाका. जे ठेवाल ते मे महिन्यात गच्चीवर कडकडीत वाळवून, पूर्ण गार झाल्यावर सुती खोळीत भरा. ऊन लागून गरम असतानाच प्लास्टिकमध्ये बांधले तर आत घाम धरतो.

प्रश्न : सासूबाईंचे वय ७४ असून त्यांना गुडघेदुखी आहे. त्यांची कापसाची गादी बसून दगडासारखी झाली आहे. आमचा मुलगा आजीसाठी मेमरी फोमची गादी आणू म्हणतो. सासूबाई म्हणतात, आहे तीच पिंजून घेऊ. घरात यावरून मतभेद आहेत.
— एक वाचक, नौपाडा

उत्तर : मला सासूबाईंचे म्हणणे योग्य वाटते, पण एका दुरुस्तीसह. मेमरी फोम शरीराच्या उष्णतेने मऊ होऊन खाली दबतो. तरुण माणसाला ते सुखाचे वाटते, परंतु गुडघ्यात जोर नसलेल्या व्यक्तीला त्या खळग्यातून कूस बदलणे आणि उठणे जड जाते. शिवाय तो उष्णता धरून ठेवतो आणि त्याला ऊन दाखवू नये असेच उत्पादक सांगतात. पिंजलेली कापसाची गादी सपाट आणि घट्ट असते. तिचा एकच मोठा दोष म्हणजे वजन. दर दोन-तीन महिन्यांनी ऊन दाखवले नाही तर ती पुन्हा बसते, आणि ६ बाय ४ फुटांची कापसाची गादी गच्चीवर नेणे एकट्या माणसाच्या आवाक्यातले नसते.

म्हणून दोन थर करा. खाली ४ इंची काथ्याची गादी, जिला सतत उलटापालट लागत नाही, आणि वर जुन्याच कापसातून भरलेली दीड-दोन इंचांची पातळ गादी. ही पातळ गादी घडी घालून गॅलरीच्या कठड्यावर टाकता येते. पिंजाऱ्यासमोर उभे राहून काम करून घ्या. पिंजताना जुन्या कापसाचा बराचसा भाग धूळ होऊन उडतो, तेवढा नवा कापूस घालावा लागतो, आणि तो भरताना चिंध्यांचा रंगीत भुगा मिसळला जात नाही ना हे पाहावे. टाके हातभर अंतरावर न घालता वीतभर अंतरावर घालायला सांगा, म्हणजे कापूस सरकत नाही.

गादीपेक्षाही गुडघ्यांना अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे पलंगाची उंची. सासूबाईंना पलंगाच्या कडेवर बसवून पाहा : दोन्ही तळपाय फरशीला पूर्ण टेकावेत आणि गुडघे काटकोनात यावेत. बहुतेकांना गादीसकट १८ ते २० इंच उंची जमते. पलंग बुटका असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे बसवून घ्या. पलंगपोस जमिनीपर्यंत लोंबू देऊ नका, कारण रात्री उतरताना पाय त्यातच अडकतो. मुलाला वाईट वाटू नये म्हणून उशाशी हाताच्या अंतरावर लागणारा दिवा त्याला आणायला सांगा. त्याची आजींना खरी गरज आहे.

प्रश्न : मुलाला सकाळी उठल्यावर सतत शिंका येतात. डॉक्टरांनी धुळीची ॲलर्जी सांगितली आहे. समोर बांधकाम चालू असल्याने धूळ येते हे खरे, पण खिडक्या बंद ठेवूनही फरक पडला नाही. अंथरुणात काही बदल करावा का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : अवश्य करावा, आणि खिडक्या सतत बंद ठेवू नयेत. सकाळी उठताना येणाऱ्या शिंकांचे कारण पुष्कळदा बाहेरच्या धुळीपेक्षा अंथरुणातल्या धुळीतील सूक्ष्म किडे असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात, आणि त्यांच्या विष्ठेतील द्रव्याने ॲलर्जी होते. दमटपणा त्यांना मानवतो, त्यामुळे बंद, कोंदट खोलीत ते वाढतात. चादर आणि अभ्रे दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावेत. थंड पाण्यात हे किडे मरत नाहीत. यंत्रात तापमान ठरवता येत नसेल तर गीझरच्या पाण्यावर विसंबू नका, पाणी वेगळे तापवून त्यात भिजवा. म्हणूनच मुलाची चादर गडद छापाची न घेता पांढरी किंवा फिकी, गरम पाणी सोसणारी सुती घ्यावी. गादीला आणि उशीला घट्ट विणीची, चेन असलेली पूर्ण खोळ घाला. फक्त वरून अंथरायची पातळ चादर पुरत नाही. पलंगावरची मऊ खेळणी एखाद-दुसऱ्यावर आणा आणि तीही अशीच धुवा. औषधे मात्र डॉक्टर सांगतील तशीच चालू ठेवा.

प्रश्न : दिवसभर संगणकावर काम करतो. मान दुखते म्हणून दोन उशा घेऊन पाहिल्या, उशी काढूनही पाहिली. कोणती उशी घ्यावी?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुम्ही कोणत्या अंगावर झोपता यावर ते ठरते. कुशीवर झोपणाऱ्याच्या उशीने खांद्यापासून कानापर्यंतचे अंतर भरून निघाले पाहिजे, म्हणून ती उंच आणि घट्ट हवी. उताणे झोपणाऱ्याला मध्यम, आणि पालथे झोपणाऱ्याला अगदी पातळ उशी पुरे. घरातल्या कोणाला तरी तुम्ही झोपलेले असताना मागून पाहायला सांगा : कुशीवर असताना मान आणि पाठीचा कणा एका सरळ रेषेत दिसला की उंची बरोबर आहे. शेवरीच्या कापसाच्या उशा मऊ आणि हलक्या असतात, पण लवकर दबतात. कुशीवर झोपणाऱ्याला घट्ट भरलेली साध्या कापसाची किंवा लॅटेक्सची उशी अधिक आधार देईल. मधून दुमडली की तशीच राहणारी, परत न उघडणारी उशी बदलायला झाली असे समजावे. हाताला मुंग्या येत असतील तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मुलीच्या बाळंतपणासाठी तयारी करत आहे. बाळासाठी मोहरीची उशी, मऊ गादी, कडेने लावायचे लोड आणि गोधड्या शिवून ठेवल्या आहेत. आणखी काय घ्यावे?
— एक वाचक, कळवा

उत्तर : गोधड्या ठेवा, बाकीचे कमी करा. बाळाला पहिले वर्षभर उशी देऊ नये आणि त्याच्याभोवती लोड, कुशन किंवा सैल पांघरूण ठेवू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण मऊ वस्तूत नाक दाबले गेले तर बाळाला तोंड फिरवता येत नाही. डोक्याला गोल आकार यावा म्हणून मोहरीची उशी देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि तुम्ही ती मायेनेच शिवली आहे, तरी झोपेच्या वेळी ती वापरू नका. बाळाला उताणे, घट्ट आणि सपाट गादीवर, नीट ताणून खोचलेल्या सुती चादरीवर झोपवावे. तुमची पातळ गोधडी घडी घालून गादीखाली दिली तर जागा उबदारही राहील. दुपटी मात्र भरपूर शिवा, विशेषतः बाळंतपण पावसाळ्यात असेल तर, आणि ती जुन्या धुतलेल्या साड्यांची एकेरी किंवा दुहेरीच ठेवा, म्हणजे पंख्याखाली काही तासांत वाळतील. बाळाचे कपडे आणि दुपटी ज्या कपाटात ठेवाल तेथे डांबराच्या गोळ्या ठेवू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतः असलेल्या एका विशिष्ट कमतरतेमुळे या गोळ्यांच्या संपर्काने त्यांच्या तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते, आणि ती कमतरता आधी कोणाला माहीत नसते. आधीच गोळ्या ठेवल्या असतील तर सगळी दुपटी पुन्हा धुऊन उन्हात वाळवा आणि स्वच्छ पुसलेल्या दुसऱ्या खणात ठेवा.